देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, एचआयव्हीचा धोका आणि आरोग्यसंवर्धन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वस्तीत काम करू इच्छिणारे विद्यार्थी, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, वकील आणि कधीकधी या व्यवसायातील स्त्रियांचे नातेवाईक यांच्याकडून नेहमी येतात. उत्तरे महाराष्ट्रातील परिस्थिती समोर ठेवून दिली आहेत. जिथे कोलकाता, म्हैसूर किंवा गोव्याचा अनुभव उपयोगी पडतो, तिथे त्याचाही उल्लेख केला आहे. औषधोपचाराचा निर्णय मात्र डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना एचआयव्हीचा धोका इतरांपेक्षा अधिक का असतो?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या, 2017 च्या पाहणीत या स्त्रियांमधील संसर्गाचे प्रमाण सुमारे 1.56 टक्के आढळले, तर त्याच वर्षीच्या अंदाजानुसार देशातील प्रौढ लोकसंख्येत ते 0.22 टक्के होते. म्हणजे फरक जवळजवळ सातपटींचा आहे. लोक याचे कारण एका वाक्यात सांगून मोकळे होतात की गिऱ्हाइकांची संख्या जास्त असते. ते खरे आहे, पण अपुरे आहे, कारण प्रत्येक संबंधात काँडोम वापरला गेला तर संख्येने पडणारा फरक फारच कमी होतो.

खरा प्रश्न काँडोम कोणत्या वेळी वापरला जात नाही, हा आहे. गिऱ्हाईक दारू पिऊन आलेले असते. बिना काँडोमचे जादा पैसे द्यायला ते तयार असते, आणि नेमका त्याच दिवशी खोलीच्या भाड्याचा किंवा सावकाराच्या हप्त्याचा तगादा लागलेला असतो. लॉजवर एकाऐवजी तिघे जण निघतात. पोलिसांची गाडी फिरत असल्यामुळे बोलणी करायला वेळच मिळत नाही. त्यात गुप्तरोगाची जखम किंवा दाह असेल तर विषाणूला शरीरात शिरणे आणखी सोपे जाते, आणि स्त्रियांमध्ये असे रोग पुष्कळदा लक्षणांवाचून राहतात. म्हणून धोका मोजताना त्या स्त्रीकडे पाहण्याआधी तिच्या संध्याकाळीकडे पाहावे लागते: पैसा कोणाच्या हातात आहे, दार आतून कोण लावतो आणि हाक मारली तर कोण येईल.

मग या स्त्रियांमुळेच एचआयव्ही समाजात पसरला, असे म्हणता येईल का?

नाही. हा समज रुजण्यामागे एक ऐतिहासिक कारण आहे. भारतात एचआयव्ही प्रथम 1986 मध्ये चेन्नईत सापडला; डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले होते आणि त्यांची तपासणी वेल्लोरला झाली. संसर्ग शोधण्यासाठी नमुने या स्त्रियांचे घेतले गेले, म्हणून तो त्यांच्यात सापडला. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांचे नमुने घेण्याची कल्पना त्या काळी कोणाला सुचली असती, तरी ते पुरुष रांग लावून उभे राहिले नसते.

1990 च्या दशकात मुंबईतील तपासण्यांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित आढळल्या, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना रोगाचे आगर ठरवले. त्यांतील जवळजवळ प्रत्येकीला तो संसर्ग कोणातरी पुरुषाकडून झालेला होता, ही बाब बातम्यांत क्वचितच आली.

काँडोम वापरायचा की नाही, हे तिच्या हातात असते का?

एकटी असेल तर पुष्कळदा नसते. गल्ली एकत्र असेल तर असते. या विषयातील गेल्या तीस वर्षांच्या अनुभवाचे सार यातच आहे, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देत आहोत.

एका घरातील बाईने काँडोमशिवाय नकार दिला, तर गिऱ्हाईक शेजारच्या घरात जाते. तिचे पैसे बुडतात, घरवालीची, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईची, बोलणी बसतात आणि दुसऱ्या दिवशी ती नकार देण्याआधी दोनदा विचार करते. पण गल्लीतील प्रत्येक दारात तेच उत्तर मिळू लागले, तर गिऱ्हाइकापुढे पर्याय राहत नाही. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या कामाने हेच दाखवून दिले. तेथील स्त्रियांनी 1995 मध्ये दरबार महिला समन्वय समिती स्थापन केली आणि त्याच वर्षी स्वतःची सहकारी पतसंस्थाही काढली. पतसंस्थेचा एचआयव्हीशी काय संबंध, असे कोणी विचारू शकेल. ज्या बाईला अडीअडचणीला सावकाराच्या दारात जावे लागत नाही, तिला जादा पैशांच्या गिऱ्हाइकाला परत पाठवणे परवडते, एवढा सरळ तो संबंध आहे.

महाराष्ट्रात हेच काम सांगलीत उभे राहिले. मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेने 1992 पासून वस्तीत काँडोमवाटप आणि आरोग्यशिक्षण सुरू केले, आणि त्यातूनच पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, ही स्त्रियांची स्वतःची संघटना तयार झाली. काँडोमची पेटी बाहेरचा कार्यकर्ता आणून ठेवतो तेव्हा ती पेटी त्याची असते. वस्तीतीलच बाई ती वाटते, मोजते आणि संपल्यावर अधिकाऱ्याकडे जाऊन भांडते, तेव्हा कार्यक्रम वस्तीचा होतो. 2003 मध्ये गेट्स फाउंडेशनच्या निधीतून सहा राज्यांत सुरू झालेल्या ‘आवाहन’ कार्यक्रमानेही पुढे स्त्रियांच्या संघटनांवर भर दिला, आणि त्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

एक जागा मात्र सर्वत्र कच्ची राहिली आहे. गिऱ्हाइकाला काँडोमचा आग्रह धरणारी स्त्री आपल्या ‘माणसा’बरोबर, म्हणजे ज्याला ती नवरा मानते त्या कायमच्या जोडीदाराबरोबर, तो आग्रह धरत नाही. तिथे काँडोम म्हणजे अविश्वास ठरतो, आणि दिवसभराच्या कामात व या एका नात्यात फरक राखण्याची तिची ती एक रीत असते. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे, परंतु त्यामुळे काहीच बदलत नाही. जोडीदारासह समुपदेशन आणि दोघांची एकत्र चाचणी हा मार्ग हळू चालतो, पण तोच उपयोगी पडतो.

काँडोमच्या वापरात कोणत्या चुका नेहमी आढळतात?

खोबरेल तेल, व्हॅसलिन किंवा कोणतेही तेलकट मलम लॅटेक्स काँडोमला लावल्यास तो कमकुवत होऊन फाटू शकतो. गरज असल्यास तेलविरहित, पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगण वापरावे. अधिक सुरक्षितता म्हणून एकावर एक दोन काँडोम चढवू नयेत, कारण घर्षणाने दोन्ही फाटण्याचा संभव वाढतो. पाकीट ब्लाउजमध्ये किंवा पत्र्याखाली उष्णतेत फार काळ ठेवू नये आणि त्यावरील मुदत पाहावी. संबंधानंतर साबण, डेटॉल किंवा लिंबाच्या पाण्याने योनी आतून धुतल्याने संसर्ग टळत नाही. उलट आतील त्वचेला इजा होऊन धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या, तांबी किंवा आधीच टोचून घेतलेले प्रतिजैविकाचे इंजेक्शन यांपैकी काहीही एचआयव्हीपासून संरक्षण देत नाही.

एचआयव्हीची चाचणी किती वेळा करावी, आणि अहवाल निगेटिव्ह आला तर निश्चिंत राहावे का?

शासकीय कार्यक्रमात या स्त्रियांसाठी दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी आणि दर तीन महिन्यांनी गुप्तरोगांची तपासणी सुचवलेली आहे. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला सर्वजण आयसीटीसी म्हणतात, ही चाचणी मोफत होते. वस्तीतच बोटाच्या थेंबावर प्राथमिक चाचणी झाली असेल आणि ती पॉझिटिव्ह दिसली, तरी तो अंतिम निकाल नसतो. आयसीटीसीत पुढील चाचण्या झाल्यावरच निदान निश्चित करतात.

संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. या काळात अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो आणि संसर्ग पुढे मात्र जाऊ शकतो. त्यामुळे अलीकडे जोखमीचा संबंध आला असेल, तर समुपदेशकाच्या सल्ल्याने, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांनी, पुन्हा चाचणी करावी.

सर्व स्त्रियांची सक्तीने तपासणी करून त्यांना आरोग्य-ओळखपत्र दिले, तर प्रश्न सुटणार नाही का?

हा प्रश्न सद्‌हेतूने विचारला जातो, तरीही उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. त्यानुसार समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारातही ही कल्पना टिकत नाही. ओळखपत्रावरचा निगेटिव्ह शिक्का त्या दिवसापुरता, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे त्या दिवसापुरताही खात्रीचा नसतो. ते कार्ड पाहून गिऱ्हाईक काँडोम नाकारते आणि त्या गिऱ्हाइकाची तपासणी तर कोणीच केलेली नसते. पॉझिटिव्ह निघण्याच्या भीतीने स्त्रिया दवाखान्याचा रस्ताच टाळतात, हे वेगळेच.

‘लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प’ म्हणजे काय?

नॅको आणि राज्य एड्स नियंत्रण संस्था स्वयंसेवी किंवा समुदायाच्या संस्थांमार्फत हे प्रकल्प चालवतात. वस्तीतीलच एक स्त्री ‘पिअर’ म्हणून नेमली जाते आणि साधारण साठ जणींची जबाबदारी तिच्याकडे असते. कोणाला महिन्याला किती काँडोम लागतात, कोण नवीन आली, कोणाची गोळी चुकली, कोण गावी गेली, हे तिला ठाऊक असते. गुप्तरोगांसाठी लक्षणांनुसार रंगीत किट मोफत मिळतात. करड्यापासून काळ्यापर्यंत सात रंग आहेत आणि अक्षरओळख नसलेल्या पिअरलाही ते तोंडपाठ असतात. पिअरला मिळणारे मानधन तिच्या कामाच्या मानाने तुटपुंजे आहे, हे येथे नोंदवणे भाग आहे. संपूर्ण कार्यक्रम जिच्या ओळखीवर चालतो, तिलाच अंदाजपत्रकात सर्वांत खाली जागा मिळते.

काँडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तर काय करावे?

शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत, शासकीय रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या केंद्रात, जावे. डॉक्टर धोक्याचा विचार करून 28 दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करू शकतात. ती मध्येच सोडू नयेत. त्याच भेटीत तातडीचे गर्भनिरोधक, गुप्तरोगांवरील उपचार आणि काविळीच्या बी प्रकारावरील लस यांविषयी विचारावे. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला कोणत्याही शासकीय किंवा खासगी रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार देणे बंधनकारक आहे. ती कोणता व्यवसाय करते, यावर हा हक्क अवलंबून नाही, आणि पैसे घेऊन संबंधाला होकार देणाऱ्या स्त्रीवर बलात्कार होऊच शकत नाही, हा समज कायद्याला मान्य नाही.

धोका येण्याआधीच घ्यायची गोळी असते, असे ऐकले आहे. ती काय आहे?

तिला प्रेप म्हणतात. एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीने ती रोज घेतल्यास संसर्गाची शक्यता खूप कमी होते. कोलकात्यात दरबार आणि म्हैसूरमध्ये अशोदया समिती या स्त्रियांच्याच संघटनांनी तिचे प्रायोगिक प्रकल्प राबवले आणि 2022 मध्ये नॅकोने तिच्याविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते, आणि सुरू केल्या दिवसापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. प्रेप गर्भधारणा किंवा सिफिलिस रोखत नाही, त्यामुळे काँडोमला ती पर्याय ठरत नाही; जिथे काँडोमचा आग्रह चालत नाही, तिथे गोळी घेण्याचा निर्णय मात्र पूर्णपणे तिच्या हातात असतो, ही तिची जमेची बाजू आहे.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर पुढे काय? काम करता येईल का?

उपचार त्याच आठवड्यात सुरू करता येतात. 1 एप्रिल 2004 रोजी देशातील आठ रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या काळात रक्तातील सीडी-4 या रोगप्रतिकारक पेशी ठरावीक पातळीखाली उतरेपर्यंत थांबावे लागे. 2017 पासून निदान होताच सर्वांना औषध मिळते. आज बहुतेकांना दिवसातून एकच, डोलुटेग्रेविर असलेली गोळी घ्यावी लागते. ती नियमित घेतली आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके उतरून तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग दुसऱ्याला जात नाही, हे आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे.

काम करावे की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. संसर्ग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घेण्याचे कर्तव्य 2017 च्या कायद्याने बाधित व्यक्तीवर टाकले आहे आणि नियमित औषध व काँडोम ही ती खबरदारी होय.

प्रत्यक्षात अडचण येते ती स्थलांतराची. सांगली-मिरजेतून पुण्याला, पुण्यातून भिवंडीला, यल्लम्माच्या यात्रेसाठी सौंदत्तीला, मध्येच आई आजारी म्हणून गावी, अशी ये-जा चालू असते आणि औषध तेवढे एका केंद्राशी बांधलेले असते. जाण्यापूर्वी केंद्रात सांगितल्यास जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा दुसऱ्या केंद्रात बदली मिळू शकते. घाईत निघावे लागले, तर एआरटीचे जे कार्ड जवळ असेल, निदान त्याचा फोटो मोबाइलमध्ये असावा. जवळच्या एआरटी केंद्रात तो दाखवून पुढची सोय विचारता येते.

बाधित स्त्रीला निरोगी मूल होऊ शकते का?

होय. कोणतीही काळजी न घेतल्यास आईकडून बाळाला संसर्ग जाण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. गरोदरपणात आईला एआरटी आणि जन्मानंतर बाळाला प्रतिबंधक औषध दिल्यास ती 5 टक्क्यांखाली येते. आई औषध घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे. त्यात वरचे दूध, पाणी किंवा घुटी मिसळू नये. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते आणि अंतिम निष्कर्ष अठरा महिन्यांनी काढतात. मूल नको असल्यास प्रौढ स्त्रीला गर्भपातासाठी कायद्यानुसार फक्त स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही मागणारे रुग्णालय चुकीचे वागत असते.

आरोग्यसंवर्धन म्हणजे फक्त एचआयव्हीच का?

कार्यक्रमांनी बराच काळ तसे मानले, आणि स्त्रियांनी त्याबद्दल वेळोवेळी नाराजी बोलून दाखवली आहे. डोके दुखते म्हणून गेले तरी रक्त एचआयव्हीसाठीच घेतात, ही त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो, तरीही साध्या व्हिनेगरच्या चाचणीने होऊ शकणारी तपासणी अनेकींची कधीच झालेली नसते. क्षयरोग हा बाधितांमधील मृत्यूचे मोठे कारण आहे आणि खोल्यांमध्ये वारा खेळत नसल्यास तो लवकर पसरतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी. याखेरीज रक्तक्षय, रक्तदाब, मधुमेह, दारूचे व्यसन, झोप न येणे आणि चाळिशीनंतर गिऱ्हाईक कमी झाल्यावर येणारे नैराश्य हे सर्व याच विषयाचे भाग आहेत.

काँडोम जवळ सापडला म्हणून पोलीस कारवाई करू शकतात का?

करू नये. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम 1956 अन्वये कुंटणखाना चालवणे, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे इत्यादी गुन्हे आहेत. प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने पैसे घेऊन संबंध ठेवणे हा स्वतः गुन्हा नाही. 19 मे 2022 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काँडोमसारखी सुरक्षेची साधने गुन्हा किंवा गुन्ह्याचा पुरावा समजू नयेत. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानेही संसर्ग रोखण्याच्या उपाययोजनांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे.

धाडींचा आरोग्यावर होणारा परिणाम आकडेवारीत उशिरा दिसतो. 2004 मध्ये गोव्यात वास्कोजवळच्या बायणा येथील वस्ती पाडली गेली, तेव्हा व्यवसाय थांबला नाही. स्त्रिया मात्र विखुरल्या आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारी व्यवस्था मोडली. दुसऱ्या बाजूने, 2014 मध्ये लॅन्सेट नियतकालिकातील एका अभ्यासाचा अंदाज असा होता की देहविक्रयाभोवतीची गुन्हेगारी कलमे काढल्यास दहा वर्षांत या स्त्रिया आणि त्यांची गिऱ्हाइके यांच्यातील 33 ते 46 टक्के नवीन संसर्ग टळू शकतील.

व्यक्ती अल्पवयीन असेल किंवा जबरदस्तीने आणलेली असेल तर?

तर या पानावरील व्यवसायविषयक एकही वाक्य तिला लागू होत नाही. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही. 1098 किंवा 112 वर कळवावे. वस्तीतील संघटनाच अशा मुली सर्वांत आधी ओळखतात, हा अनुभव आहे.

वस्त्या कमी होत चालल्या आहेत, मग धोकाही कमी झाला का?

कामाठीपुऱ्यातील खोल्या कमी झाल्या, त्यांची जागा भाड्याची घरे, लॉज आणि मोबाइल यांनी घेतली. वस्तीत पिअर दार वाजवून काँडोम देऊ शकत होती. आता तिला फक्त एक नंबर माहीत असतो, तोही महिन्याने बदलतो. अनोळखी घरात एकटी जाणारी स्त्री शेजारणीला हाक मारू शकत नाही. पत्ता एका मैत्रिणीला कळवून जाणे आणि ठरलेल्या वेळी फोन करणे, एवढी काळजी तरी घ्यावी, असे अनुभवी स्त्रिया नवीन येणारीला सांगतात.

ओळखपत्र नसेल तर उपचार मिळतात का?

एचआयव्हीची चाचणी आणि उपचार यांसाठी कागद नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये, अशी अपेक्षा आहे. रेशन, बँक खाते व इतर योजनांसाठी मात्र कागद लागतोच. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्यास सांगितले आणि महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 साठी दरमहा 5000 रुपयांचे साहाय्य जाहीर केले. पुढे 2022 मध्ये, राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या किंवा नॅकोच्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड देण्याची आणि त्यात व्यवसायाची नोंद न करण्याची सोय झाली. आपल्या भागातील प्रकल्पाच्या कार्यालयात या प्रमाणपत्राची चौकशी करता येते.

रुग्णालयात अपमान झाला किंवा उपचार नाकारले तर तक्रार कुठे करावी?

प्रथम त्या रुग्णालयातील तक्रार अधिकाऱ्याकडे; वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आरोग्यसंस्थेत असा अधिकारी नेमणे 2017 च्या कायद्याने आवश्यक केले आहे. त्यानंतर याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे तक्रार देता येते. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. कोणत्या केंद्रात जायचे, औषध संपले तर काय करायचे किंवा नुसते कोणाशी तरी बोलायचे असेल, तर नॅकोच्या 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते.